ज्योतीखालचा हात

देवीने आमचं घर राखलं, असं त्या चैत्रात सगळे म्हणत होते, आणि घरात एकटी मीच होते जिचं मन ते धरायला तयार नव्हतं. मी नास्तिक नाही. रोज सकाळी दिवा लावल्याशिवाय मी चहा घेत नाही. पण माझा स्वभाव मोजून कापण्याचा आहे. भिलाईतल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मी मुलींना शिवण शिकवते आणि पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट सांगते: कापड पसरलं की अंदाज करायचा नाही, टेप लावायचा. देवाच्या बाबतीत टेप लावता येत नाही, हे मला कळतं. पण नवऱ्याच्या दुखण्याला लावता येत होता, आणि तोच लावायला घरात मनाई होती. माझ्या अस्वस्थतेचं मूळ ते होतं.

आमचे हे इथल्या स्टील प्लांटमध्ये, रेल मिलच्या तपासणी विभागात आहेत. तयार झालेल्या रुळाच्या आत कुठे भेग राहिली आहे का, ते यंत्राने पाहायचं हे त्यांचं काम. अशा माणसाने स्वतःच्या बाबतीत मात्र कितीतरी महिने शौचातून जाणारं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपवलं. मी सुरणाची भाजी करून करून थकले. शेवटी वजन उतरलं, चेहरा पांढरा पडला, तेव्हा नागपूरला नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आतड्याचा तेवढा भाग काढून टाकला, नंतर केमोच्या सुयाही झाल्या. ऑपरेशनच्या वेळी कळलं की रोग आतड्याच्या बाहेर, जवळच्या लिम्फच्या गाठींपर्यंत पोचला होता. म्हणजे सगळं निघालं असेलही, आणि एखादा कण कुठे दडून बसला असेलही.

तेव्हा सर्जनसाहेबांनी मला समोर बसवून एक गोष्ट समजावली. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं होतं, म्हणून मला. ते म्हणाले, या जातीची गाठ बहुतेकदा रक्तात एक प्रथिन सोडते. आईच्या पोटातल्या बाळात ते असतं, मोठ्या माणसात जवळजवळ नसतं. त्याला सीईए म्हणतात. तुमच्या मिस्टरांचं ऑपरेशनच्या आधी बरंच वाढलेलं होतं, ऑपरेशननंतर उतरून ठीक झालं, ही चांगली खूण आहे. आता दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. तंबाखूने ते थोडं वाढतं, यकृत बिघडलं तरी वाढतं, म्हणून एका आकड्याने घाबरायचं नाही. पण आकडा चढत राहिला, तर डोळ्यांना किंवा फोटोत दिसायच्या आधी आपल्याला कळेल की आत काहीतरी उगवतंय. मी विचारलं, "म्हणजे हे बरे होतील की नाही, ते या आकड्यावरून कळेल?" ते म्हणाले, "बाई, भविष्य नाही कळणार. दिशा कळेल." हे उत्तर मला आवडलं. खोटी आशा लावणाऱ्या माणसापेक्षा दिशा सांगणारा माणूस मला परवडतो.

इकडे माझ्या सासूबाईंनी नवस बोललेला होता. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमची मंडळी मूळची भंडाऱ्याकडची, पण आत्याबाईंनी या मुलखातलं सगळं आपलंसं केलेलं. जुनवानी गावात देवीचं एक छोटं देऊळ आहे. नवरात्रात तिथे मातीत गहू पेरून जवारा उगवतात, आणि ज्याची जी इच्छा असेल त्याच्या नावाने ज्योत लावतात. मुलगा आपल्या पायांनी घरी आला तर त्याला अनवाणी नेईन, त्याच्या नावाची ज्योत लावीन आणि गावजेवण घालीन, असं त्या बोलल्या होत्या. चैत्र नवरात्रात ते सगळं यथासांग झालं. पंगतीत ह्यांनी दोनदा भात मागून घेतला, तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मलाही भरून आलं, नाही असं नाही.

पण त्यांच्या माहेरची एक रीत आहे. नवस फेडला की त्या दुखण्याचं घरात नाव काढायचं नाही. औषधाच्या बाटल्याही घराबाहेर जातात. देवीने दिलं, आपण घेतलं, हिशेब संपला; पुन्हा तपासून पाहणं म्हणजे देवीला खोटं ठरवणं. रक्त द्यायची पुढची वेळ आली, तेव्हा मी नागपूरचं नाव काढलं मात्र, आत्याबाई ताटावरून उठल्या.

"कावून जायचं नागपूरले? पोरगा चांगला खाऊन-पिऊन राहिला, ड्यूटी करून राहिला. सूनबाई, तुले देवीवर भरोसा नाई का डाक्टरवर जास्त हाय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वरणात भात कालवत म्हटलं, "मले काही होत नाही. उगी बसल्या जागी बिमारी कावून बोलावते?"

नंतर अंगणात कपडे वाळत घालताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, "रूळ बाहेरून चकचकीत दिसतो म्हणून तुम्ही पास करता का हो?"

"रूळ बोलत नाही. मी तर बोलून राहिलो ना, मले बरं आहे म्हणून!"

"मूळव्याध आहे असंही तुम्हीच बोलत होता."

यावर ते हसले, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि निघून गेले. हसले म्हणून राग आला, आणि हसताना निरोगी दिसले म्हणून रागावताही येईना. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. रक्त दिलं की आकडा येणार, आणि आकडा आला की तो ऐकावा लागणार. नवसाची रीत त्यांना आयती सापडली होती. पुढची वेळ आली, तीही गेली. मी एकदा गोडीने, एकदा भांडून पाहिलं. दोन दिवस अबोला धरला, तर आत्याबाई आणि हे दोघं मजेत पत्ते खेळत बसले. माझ्याजवळचे सगळे उपाय संपले होते. रोज दिव्यापुढे उभी राहायचे तेव्हा मला काही मागावंसंही वाटत नसे. मनात यायचं, देवी, तुझ्याच नावाने माझी वाट अडवली आहे. आता मी कोणाकडे तक्रार करू?

मग आश्विनातलं नवरात्र आलं. आत्याबाईंनी याही वेळी ह्यांच्या नावाची ज्योत लावली होती. अष्टमीच्या सकाळी ज्योतीसाठी तेल नेऊन द्यायचं होतं, पण त्यांचे गुडघे धरले. त्यांनी मला फर्मावलं, ह्यांना स्कूटर काढायला लावली. मी गेले ती सांगितलं म्हणून. भक्तिभाव म्हणावा असं त्या सकाळी माझ्यात काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

देवळामागच्या लांब खोलीत ज्योती तेवत होत्या. खाली ओल्या मातीत जवारा वीतभर वाढलेला, मध्ये मातीचे कलश, प्रत्येक कलशावर तेलाने भरलेला मोठा दिवा. बाहेर मांदर ढोल वाजत होता, बायका देवीची जसगीतं म्हणत होत्या. आत धगीने घामाच्या धारा लागत होत्या. ओलं धोतर नेसलेले एक वयस्क गृहस्थ ज्योतींच्या रांगेतून वाकून हळूहळू चालले होते. नंतर कळलं की ते दुर्गच्या मोहन नगरातले निवृत्त हेडमास्तर, दर नवरात्रात इथे ज्योतींच्या सेवेला येऊन राहतात. ते ज्योतींकडे फारसे पाहत नव्हते. प्रत्येक दिव्याच्या तळाशी हात घालून चाचपत आणि पुढे सरकत. आम्ही दाराशी तेलाचा डबा ठेवला आणि निघणार, तेवढ्यात एका दिव्यापाशी ते थांबले. बोटं नाकाशी नेली, मग मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं.

"ए भाई, जरा हाथ-पाँव धो के इधर आना।"

ह्यांनी आपल्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"आप ही को बुला रहा हूँ। मेरा साथी नहाने गया है।"

हे पाय धुऊन आत गेले. हेडमास्तरांनी एक मोठी पितळी पळी त्यांच्या हातात दिली, तिच्यात तेल ओतलं आणि दिव्यातली जळती वात चिमट्याने उचलून अलगद पळीत ठेवली. "पकड़े रहो। काँपना मत, बुझेगी नहीं।" मग त्यांनी तो दिवा उचलला. तळाला केसासारखी चीर होती, खालच्या कलशाची माती तेलाने काळी झाली होती. ते कोपऱ्यातून नवा दिवा आणायला गेले. हे ती पळी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी दारातून पाहत होते. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

हे म्हणाले, "लेकिन ये तो बढ़िया जल रही थी।"

"ऊपर से सब बढ़िया जलती हैं। तली टटोलनी पड़ती है।"

पळी सांभाळत ह्यांनी त्या चिरेकडे पाहिलं. मग जरा चाचरत विचारलं, "मास्टरजी, माँ की ज्योत है. इस पर शक करना ठीक है क्या?"

हेडमास्तर नव्या दिव्यात तेल ओतत होते. त्यांनी मान वर केली आणि एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "शक? कैसा शक? माँ ने हमको सौंपी है भाई। कोई अपना बच्चा तुमको सौंप के जाए, तो दिन में दस बार उठ के देखोगे कि नहीं?" मग पळीतली वात उचलून नव्या दिव्यात ठेवली, ह्यांच्या हातातून पळी घेतली आणि, "चलो, हो गया," म्हणून पुढच्या दिव्याकडे वळले. आभार नाही, उपदेश नाही. आम्हाला ते तिथेच विसरलेही असावेत.

परतताना हे स्कूटर फार हळू चालवत होते. मी मागे बसून एक शब्दही बोलले नाही. मला जे सहा महिने भांडून सांगता आलं नव्हतं, ते कोणीतरी न भांडता सांगून टाकलं होतं, आणि माझ्या तोंडून एखादा जास्तीचा शब्द गेला असता तर सगळं विस्कटलं असतं. तेवढं शहाणपण त्या वेळी मला सुचलं, ही मी देवीचीच कृपा समजते. एरवी माझं तोंड असं बंद राहत नाही. घरापाशी स्कूटर स्टँडवर लावताना हे म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना फोन करून विचार, कधी येऊ."

आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "आज अष्टमी, अन् तू नवस मोडाले निघाला?" हे त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आई, तूच म्हणते ना, देवीनं मले वापस देलं म्हणून? मग देलेली वस्तू मी सांभाळून पाहू नको का?" आत्याबाईंनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. सारी फूस माझीच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

नागपूरला रक्त दिलं. आकडा वाढलेला निघाला. सर्जनसाहेबांनी तंबाखूचं विचारलं. हे सुपारीही खात नाहीत. कावीळ नव्हती. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं, आकडा आणखी वर गेला होता. वजन तेच, भूक तीच, चेहऱ्यावर तेज. सोनोग्राफी केली, तर यकृताच्या कडेला एक जागा नीट दिसेना. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. सर्जनसाहेबांनी दोन्ही वाटा मांडल्या. थांबून पाहायचं, म्हणजे स्पष्ट दिसेल, पण तोवर ते पसरेलही. किंवा आत्ताच पोट पुन्हा उघडून हाताने चाचपून पाहायचं. त्यात कदाचित काहीच सापडणार नाही आणि ऑपरेशनचा त्रास तेवढा फुकट जाईल. किंवा इतकं सापडेल की काढताच येणार नाही. हेही त्यांनी लपवलं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. या वेळी भिंतीकडे तोंड नव्हतं. ते म्हणाले, "सर, यंत्र बोललं आणि डोळ्यांना काही दिसलं नाही, तर आम्ही डोळ्यांवर जात नाही. उघडा."

ऑपरेशनच्या दिवशी आत्याबाई आमच्याबरोबर होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. आदल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा पिशवी घेऊन गुपचूप रिक्षात बसल्या होत्या. थिएटरबाहेरच्या बाकावर एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी. पदराच्या गाठीत त्यांनी देवीचं कुंकू बांधलेलं होतं आणि ती गाठ त्या सारख्या सोडत होत्या, बांधत होत्या. बऱ्याच वेळाने सरकत सरकत माझ्याजवळ आल्या.

"सूनबाई, मी चुकली का वं? तवाच जाऊ देलं असतं तर...?"

हो म्हणणं क्रूर होतं आणि नाही म्हणणं खोटं. मी म्हटलं, "तुम्ही सकाळपासून काही घेतलं नाही. चहा आणते." चहा आणला. त्यांनी अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे केला. बस, तेवढंच.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. मी आयुष्यात रिकामी अशी क्वचितच बसले असेन. हाताला सुई नसेल तर भाजी असते, भाजी नसेल तर कोणा मुलीची मापांची वही. त्या बाकावर मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या हातात होतं ते सगळं माझं करून झालं आहे. भांडून झालं, फोन झाले, रक्त दिलं, सही केली. आता पुढचं माझं नव्हतं. आणि गंमत अशी की इतके महिने दिव्यापुढे उभं राहून जे हात नुसते जुळत होते, ते आत्ता खरे जोडले गेले. मी काही मागितलं नाही. मनात एवढंच आलं की आई, तुझी वस्तू आहे. आम्हाला दिसलं तेवढं आम्ही पाहिलं. आता तू पाहा. त्या क्षणी आत काय निघेल याची भीती मेली असं मी म्हणणार नाही. भीती होतीच. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते अधिक शांत होतं.

सर्जनसाहेब मास्क खाली ओढत बाहेर आले. यकृताच्या कडेला, अगदी काठावर, बोराएवढी एक गाठ होती. एकच. भोवतालच्या चांगल्या भागासकट ती काढली होती. बाकी सगळं पोट त्यांनी हाताने तपासलं, कुठे काही लागलं नाही. "अजून थांबला असतात तर..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली आणि सर्जनसाहेबांना समजायच्या आत त्यांच्या हिरव्या गाऊनला कुंकू लावलं.

पुढच्या चैत्रात मी जुनवानीला जाऊन त्या हेडमास्तरांना शोधून काढलं. सगळं सांगितलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. नवरात्रात असे कितीतरी दिवे बदलतात, जो जवळ असेल त्याच्या हातात पळी देतात. ते ऐकून मी जरा हिरमुसलेही. मला वाटत होतं, देवीने त्या सकाळी त्यांना आमच्यासाठी उभं केलं. घरी येताना विचार केला तेव्हा कळलं की तसं असायला त्यांना ते ठाऊक असण्याची गरजच नाही. चीर त्याच दिव्याला का पडली, साथीदार तेव्हाच नाहायला का गेला, आत्याबाईंचे गुडघे त्याच सकाळी का धरले, याची उत्तरं मी शोधत नाही. कोणाला योगायोग वाटला तर माझं भांडण नाही. मी नमस्कार करते आणि कामाला लागते.

तेव्हापासून दर तपासणीत आकडा खालीच राहिला आहे. पुढे काय होईल ते सर्जनसाहेब सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. देवावर सोपवणं म्हणजे आपला हात काढून घेणं, असं मी समजत होते, म्हणून मला ते कधी जमलं नाही. आता वाटतं, आपल्याला सोपवलेलं नीट सांभाळत राहायचं आणि ते आपलं आहे असा हट्ट मात्र धरायचा नाही. शिकायला सोपं नाही. मी अजून शिकतेच आहे.

उद्या पुन्हा रक्त द्यायचं आहे. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण आत्याबाई ऐकत नाहीत. आत्ताच त्यांनी स्वयंपाकघरातून ह्यांना हाक मारून बजावलं, "सकाळी चहाले तोंड लावजो नको. देवीचं काम हाय, उपाशीच जाजो." आणि हे, रेल मिलचे इन्स्पेक्टर, लहान मुलासारखे "हो आई" म्हणाले. मी मध्ये पडले नाही. उद्या मीसुद्धा चहा घेणार नाही.